तंबाखूशेजारची कोंबडी: जुन्या अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या जाहिराती

जुनापुराणा

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' नावाचा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह जालावर फुकट आहे. पहिल्या महायुद्धाच्या बातम्या वाचायला म्हणून तिथे शिरलो आणि जाहिरातींत अडकलो. १९०५ ते १९२५ च्या दरम्यानचं खेड्यातलं कुठलंही साप्ताहिक उघडा, दोन जाहिराती हटकून सापडतात. एक तंबाखूची, दुसरी कोंबड्यांची अंडी वाढवतो म्हणणाऱ्या पुडीची. आणि कित्येकदा दोन्ही एकाच पानावर, मांडीला मांडी लावून.

तंबाखूत 'प्रिन्स अल्बर्ट' सगळीकडे. पाइपात भरा, सिगारेट वळा, जिभेला चावणार नाही. तो म्हणे 'राष्ट्राचा आनंदी झुरका'! शेजारी ओहायोतल्या ॲशलंडचे 'डॉ. हेस' आपली 'पोल्ट्री पॅन-ए-सी-आ' विकतात (सगळे रोग बरे करणाऱ्या औषधाचं नाव, वर उच्चार चुकू नये म्हणून मधे आडव्या रेघा). फिलाडेल्फियाचं 'प्रॅट्स पोल्ट्री रेग्युलेटर' सांगतं की गुण नाही आला तर पैसे परत. १९२० च्या आसपास 'मोअर एग्ज' नावाचं टॉनिक आणि 'डॉन सुंग' नावाच्या चिनी थाटाच्या गोळ्या येतात. सगळीकडे बायकांची पत्रं: भर हिवाळ्यात कोंबड्या अंडी न देता नुसत्या बसल्या होत्या, पुडी सुरू केली आणि टोपल्या भरायला लागल्या.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या दोन मालांची अशी जोडी का? आणि त्या पुडीने खरंच अंडी वाढायची का? माझं मत आधीच सांगून टाकतो. दोघेही थापाडे, पण कोंबडीवाले अंमळ जास्त. तंबाखूवाला निदान तंबाखू तरी देत होता.

चहाटळ

नवऱ्याला टॉनिक आणि कोंबडीला तंबाखू अशी अदलाबदल कुणी करून पाहिली का, एवढंच सांगा. बाकी नंतर वाचतो.

खिळेजुळवणी

जोडीचं सांगतो. माझी उमेदवारी छापखान्यात गेली, त्यामुळे जाहिरातीतल्या मजकुराआधी मला पानाची शिवण दिसते.

तुम्ही जी साप्ताहिकं बघताय, त्यांची अर्धी पानं त्या गावात छापलेलीच नसायची. १८६० च्या दशकात ए. एन. केलॉग या माणसाने 'रेडीप्रिंट'चा धंदा मोठा केला. शहरातून कागद एका बाजूने छापून यायचा. त्यावर कथा, शेतीचे सल्ले, देशोदेशीच्या बातम्या आणि जाहिराती. दुसरी बाजू कोरी. गावचा संपादक त्या कोऱ्या बाजूवर गावातली लग्नं, लिलाव आणि पावसापाण्याची खबर छापायचा आणि अंक टपालात टाकायचा. कागद स्वस्त पडायचा, कारण जाहिरातींचा पैसा शहरातली कंपनी घ्यायची. पुढे १८८२ मध्ये अमेरिकन प्रेस असोसिएशन निघाली. ती मजकुराचे ओतीव धातूचे पत्रेच पाठवायची. पत्रा करवतीने हवा तेवढा कापा आणि जागेवर बसवा.

म्हणून कॅन्ससच्या आणि व्हरमाँटच्या अंकात तुम्हाला तीच कोंबडी, तोच पाइपवाला, तसाच तुटका कोपरा दिसेल. संपादकाने कुणाशेजारी कुणाला बसवायचं हे ठरवलेलंच नसायचं. जागा अगेट ओळीने विकली जायची, एका इंचात चौदा ओळी. शेतकरी घरात खपणारा माल कुठला? तंबाखू, पोटाचं औषध, कंबरदुखीचं औषध, गुरांची पुडी, कोंबड्यांची पुडी. त्यांचीच गर्दी.

आणखी एक गंमत बघा. पत्त्यात 'विभाग १४' किंवा 'डेस्क बी' असं लिहिलेलं असतं. विभाग वगैरे काही नसायचा. कुठल्या वर्तमानपत्रातून किती पत्रं आली हे मोजायची ती खूण होती. प्रत्येक अंकात आकडा वेगळा.

अनघा_वाचते

खिळेजुळवणी, फारच भारी माहिती. वाचनखूण साठवली.

मी दुसऱ्या अंगाने बघते. तंबाखूच्या जाहिराती पुरुषांशी बोलतात, तेही थेट 'अहो, तुम्ही पाइपवाले' अशा सलगीने. कोंबड्यांच्या जाहिराती बाईशी बोलतात. अमेरिकन शेतावर गहू, मका, डुकरं यांचा पैसा नवऱ्याच्या हातात आणि अंड्यांचा पैसा बाईचा. त्यातून किराणा, कापड, मुलांचे बूट. दुकानदार अंडी घेऊन त्या बदल्यात सामान द्यायचा. त्यामुळे हिवाळ्यात कोंबडी बसली की घरखर्चच बसला. एका डॉलरची पुडी घ्यावी की नाही हा तिचा निर्णय होता आणि जाहिरातदारांना हे पक्कं ठाऊक होतं. पत्रं बायकांचीच का, याचं उत्तर त्यात आहे.

महायुद्धात तर सरकारच जाहिरातदार झालं. घरात जितकी माणसं त्याच्या दुप्पट कोंबड्या अंगणात ठेवा, अशी शेतीखात्याची पोस्टरं होती. अंकल सॅमची तशी अपेक्षा आहे, असं वर.

शंकासुर

अंकल सॅमने अपेक्षा ठेवली आणि डॉ. हेसने पुडी विकली. सुंदर भागीदारी.

गुरांचा_डॉक्टर

जुनापुराणा, 'थापाडे' या शब्दाला माझी हरकत आहे. पुडी कुचकामी होती हे मान्य. पण पत्रं लिहिणाऱ्या बायका बहुधा खरं सांगत होत्या. कसं ते जरा सविस्तर लिहितो. निवृत्त पशुवैद्य आहे, वेळ आहे.

कोंबडीचं अंडं देणं दिवसाच्या लांबीवर चालतं. उजेड नुसता डोळ्यांतून नव्हे, कवटीतून थेट मेंदूतल्या पेशींपर्यंत पोचतो आणि तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते. दिवस लहान होत गेले की ती साखळी थंडावते. शरद ऋतूत जुन्या कोंबड्या पिसं टाकतात. नवी पिसं म्हणजे सगळी प्रथिनंच. शरीर तिकडे लागलेलं असताना अंडं बंद. हा काळ दोन-तीन महिनेही चालतो. अमेरिकेच्या उत्तरेकडे डिसेंबरात दिवस नऊ तासांचा होतो, वर थंडी. अंडी आटतात आणि म्हणूनच बाजारात महाग होतात.

आता जाहिराती कधी येतात ते तारखा लावून बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाई जानेवारीत पुडी मागवते. टपालाने यायला वेळ, मग रोज खाण्यात कालवायची. तोवर पिसं पुरी झालेली असतात, दिवस वाढू लागलेला असतो. फेब्रुवारीत अंडी सुरू होतात आणि मार्चमध्ये टोपल्या भरतात. पुडी नसती तरी भरल्याच असत्या. पण तिने पुडी दिली होती आणि अंडी आली होती, हे दोन्ही खरं. तिने मनापासून पत्र लिहिलं. ज्यांच्याकडे आली नाहीत त्यांची पत्रं छापायला कंपनी काय वेडी होती?

शिवाय पुडीच्या कागदावर सूचना असायच्या. खुराडं कोरडं ठेवा, ताजं पाणी द्या, कोमट भरडा द्या, उवा मारा. त्या पाळल्या की कोंबडी सुधारणारच. उपकार भरड्याचे, श्रेय पुडीला.

मोरपंखी

काका, __/\__
या प्रतिसादाचा वेगळा धागा काढा.

शंकासुर

डॉक्टर, सगळं पटलं, एक सोडून. कंपनीला हे माहीत नव्हतं का? डिसेंबरात जाहिरात द्यायची आणि 'पंधरवड्यात फरक' म्हणायचं, हे ऋतू न कळता जमत नाही. बाई भोळी असेल, कंपनी नाही. त्यामुळे जुनापुराणांचा 'थापाडे' मी कंपनीपुरता कायम ठेवतो.

आणि शेतकरी काही अडाणी नव्हता. १८८७ च्या हॅच कायद्याने राज्याराज्यांत सरकारी कृषी प्रयोग केंद्रं निघाली. त्यांनी असल्या मसालेदार पुड्या तपासल्या आणि पत्रकांतून सांगितलं की यात मोलाएवढं काही नाही, हे जिन्नस घरी कालवले तर चिल्लर खर्चात होतात. शेतीची मासिकंही ओरडत होती. तरी पुड्या खपतच राहिल्या.

मोरपंखी

पण पुडीत असायचं काय?

गुरांचा_डॉक्टर

ढोबळमानाने सगळ्यांचं सारखंच. लाल मिरची, सुंठ, मेथी, गंधक, हिराकस, मीठ, कोळशाची पूड, हाडाचा चुरा. डॉ. हेस आपल्या जाहिरातीत 'नक्स व्हॉमिका' असल्याचं अभिमानाने सांगतात, म्हणजे कुचला. त्याने मज्जातंतूंना तरतरी येते म्हणे. कुचल्यात स्ट्रिक्निन असतं, एवढं सांगितलं तरी पुरे. मिरचीने भूक थोडी चाळवत असेल, पण त्यातलं काहीही अंडं बनवत नाही.

अंडं कशाने बनतं ते साधं गणित आहे. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम. वर्षाला दोनशे अंडी धरली तर चारशे ग्रॅम. कोंबडीच्या अख्ख्या अंगात मिळून वीसेक ग्रॅम असतं. म्हणजे स्वतःच्या शरीराच्या कितीतरी पट कॅल्शियम ती वर्षभरात बाहेर टाकते. ते बाहेरून मिळालंच पाहिजे. त्याच वर्तमानपत्रांत ऑयस्टरच्या शिंपल्यांचा चुरा विकणाऱ्या जाहिराती आहेत, बघा. रुक्ष आणि कंटाळवाण्या. पण तो चुरा खरंच काम करायचा.

दुसरं उदाहरण कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचं. हिवाळ्यात कोंडून ठेवलेल्या पिल्लांचे पाय लुळे पडायचे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवलं की या तेलाने ते टळतं. कारण ड जीवनसत्त्व. पिल्लं वर्षभर छपराखाली वाढवणं शक्य झालं ते त्यामुळे. आजचा कुक्कुटपालनाचा धंदा त्या तेलावर उभा आहे म्हटलं तरी चालेल. म्हणजे 'पूरक' हा प्रकारच खोटा नव्हता. खऱ्या पूरकाला फक्त जाहिरात करता येत नव्हती.

धुरंधर

कोंबड्या पुरे. तंबाखूवर कुणी बोलणार आहे की नाही?

प्रिन्स अल्बर्ट निघाली १९०७ साली, नॉर्थ कॅरोलिनातल्या आर. जे. रेनॉल्ड्सची. नाव ज्याच्यावरून ठेवलं तो तोवर सातवा एडवर्ड म्हणून इंग्लंडच्या गादीवर होता. तंबाखूवर प्रक्रिया करायची रीत होती, तिचं पेटंट. डब्यावर तारीखसुद्धा: ३० जुलै १९०७. जाहिरातीचा शेवट कायम ठरलेला. लाल पिशवी पाच सेंट, लाल डबी दहा सेंट, अर्ध्या आणि एक पौंडाचे मोठे डबे आणि सगळ्यात ऐटदार ती काचेची बरणी, तिच्या झाकणात ओला स्पंज, तंबाखू कोरडी पडू नये म्हणून. दर आठवड्याला हेच.

डबीचं नाव इतकं तोंडात बसलं की पोरं दुकानात फोन करून विचारायची, 'डबीत प्रिन्स अल्बर्ट आहे का?' दुकानदार 'हो' म्हणाला की, 'मग सोडा ना त्या बिचाऱ्याला बाहेर!'

हा सगळा गाजावाजा १९११ नंतर अतोनात वाढला. त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ड्यूक या तंबाखूसम्राटाचा ट्रस्ट, म्हणजे धंद्यातली मक्तेदारी, मोडला. अमेरिकन टोबॅको, लिगेट अँड मायर्स, लॉरिलार्ड आणि रेनॉल्ड्स असे चौघे सुटे होऊन एकमेकांच्या उरावर बसले. १९१३ मध्ये रेनॉल्ड्सने 'कॅमल' आणली. जाहिरातींची मालिका बघण्यासारखी आहे. आधी नुसतं 'कॅमल्स', मग 'कॅमल्स येताहेत'. मग 'उद्या या गावात आख्ख्या आशिया-आफ्रिकेत मिळून नाहीत एवढे उंट असतील'. आणि शेवटी, कॅमल सिगारेट आल्या! दहा सेंटला वीस. इतर ब्रँड पाकिटात कुपनं आणि चित्रं द्यायचे. कॅमलच्या पाकिटावर उलट लिहिलेलं: बक्षिसं शोधू नका, आमची तंबाखूच इतकी महाग आहे की ती परवडत नाहीत. बक्षीस न देण्याचीच जाहिरात. मी तरी याला दाद देतो.

चहाटळ

डॉ. हेसने हे शिकायला हवं होतं. 'यात औषध शोधू नका, मिरचीच इतकी महाग आहे.'

अनघा_वाचते

हसून हसून पुरेवाट, चहाटळ.

धुरंधर, त्याच पानांवर तंबाखू सोडवायचं औषधही असायचं की! १८९० च्या दशकातलं 'नो-टू-बॅक'. मथळा साधारण असा, की तंबाखू थुंकण्यात आणि फुंकण्यात आयुष्य घालवू नका. म्हणजे वर्तमानपत्र वरच्या कोपऱ्यात तंबाखू विकणार, खालच्या कोपऱ्यात ती सोडवणार, आणि दोन्हींचे पैसे अगेट ओळीनेच घेणार.

खिळेजुळवणी

अनघाताई, त्या पैशाची दुसरी बाजूही आहे. औषधवाल्यांच्या करारात एक कलम लाल शाईत छापलेलं असायचं: तुमच्या राज्यात आमच्या धंद्याला मारक कायदा झाला तर करार रद्द. जाहिरातीचा पैसा सोडायची वेळ आली की संपादकच विधिमंडळाला तारा करायचे, कायदा नको म्हणून. १९०५ मध्ये 'कोलियर्स' साप्ताहिकाने हे सगळं बाहेर काढलं. गावच्या संपादकाकडून पुडीवर टीका का येत नव्हती, ते यावरून कळेल.

बातमीसारखी दिसणारी जाहिरात हा तेव्हाही रोग होताच. शेवटी १९१२ च्या कायद्याने टपाल सवलत घेणाऱ्या वर्तमानपत्रांवर सक्ती आली: पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं लिहा. प्रकाशक त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि हरले.

बाभूळबन

चहाटळ यांनी सुरुवातीला विनोद केला, पण कोंबडीला तंबाखू खरंच देत होते. हलके घेऊ नका, गंभीरपणे सांगतोय.

खुराड्यात घरट्याखाली तंबाखूचे देठ पसरायची पद्धत जुनी, उवा होऊ नयेत म्हणून. जंतांसाठी तंबाखू भरड्यात मिसळायला तर कॅलिफोर्नियाच्या प्रयोग केंद्राने १९१० च्या दशकात सांगितलं. आणि पुढे आली 'ब्लॅक लीफ ४०'. केंटकीतल्या लुईव्हिलची कंपनी, तंबाखूच्या कारखान्यांचा टाकाऊ माल घेऊन त्यातून निकोटीन सल्फेट काढायची. चाळीस टक्के, म्हणून ते ४०. संध्याकाळी कोंबड्या बसायच्या दांड्यावर त्याचा ब्रशने बारीक पट्टा ओढायचा. कोंबड्या वर बसल्या की अंगाच्या उबेने वाफ निघते, पिसांत शिरते, उवा मरतात. शेतीच्या वर्तमानपत्रांत तिच्या जाहिरातीच जाहिराती. आणि हे काम करायचं बरं का. इतकं, की माणसाच्या कातडीवर सांडलं तर माणूसही मरू शकेल.

त्यानंतर आयोवातल्या 'डॉ. साल्सबरी' वगैरेंच्या जंताच्या गोळ्या आल्या. त्या जातीच्या गोळ्यांत निकोटीन आणि शेंद्रीच्या फळांवरची लाल पूड, म्हणजे आपल्या वैद्यांचं कंपिल्लक. निकोटीन गोल जंतांसाठी, शेंद्री चपट्या जंतांसाठी.

चहाटळ

मी धागा जिंकला. बक्षीस म्हणून स्पंजवाली काचेची बरणी पाठवा.

गुरांचा_डॉक्टर

बाभूळबन, +१. शेंद्रीचं पुढे वाईट झालं. तिने कोंबड्यांची अंडी कमी होतात असं दिसलं आणि चपटे जंतही धड पडत नव्हते. म्हणजे अंडी वाढवायच्या औषधाने अंडी वाढत नव्हती आणि जंताच्या औषधाने मात्र कमी व्हायची.

पिल्लांच्या पांढऱ्या हगवणीचंही तसंच. 'वॉको'च्या गोळ्या पाण्यात टाका, पिल्लं वाचतील, अशा जाहिराती १९२० च्या दशकात भरपूर. हा रोग आईकडून अंड्यातून येणाऱ्या जिवाणूचा. रेटगर या संशोधकाने तो १९०० च्या सुमाराला ओळखला होता. खरा उपाय म्हणजे मोठ्या कोंबड्यांचं रक्त तपासायचं आणि ज्या वाहक निघतील त्या कळपातून काढायच्या. १९३५ पासून राष्ट्रीय योजनेखाली हे पद्धतशीर सुरू झालं आणि रोग हटत गेला. 'तुमची आवडती कोंबडी काढून टाका' ही जाहिरात कोण देणार?

जुनापुराणा

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. डॉक्टरकाकांचं दिवसाच्या लांबीचं विवेचन वाचून परत संग्रहात गेलो. 'मोअर एग्ज'च्या जाहिरातीत तर दहा लाख डॉलरच्या बँकेची हमी आहे, समाधान नाही झालं तर डॉलर परत. ऋतूच तुमच्या बाजूने असेल तर हमी द्यायला काय जातंय!

पण माझा मूळ मुद्दा राहतोच. कोंबडीवाले जास्त थापाडे की तंबाखूवाले? १९१५ ची तंबाखूची जाहिरात 'चव छान, जीभ पोळत नाही' एवढंच म्हणते. ती खोटी कशी?

तिसरा_प्रहर

कायद्याकडून बघितलं तर तुमचा प्रश्नच उलटा होतो. वकील आहे, सवयीने लांबण लावेन.

१९०६ च्या शुद्ध अन्न आणि औषध कायद्यात 'औषध' म्हणजे काय, तर माणसाचा किंवा इतर प्राण्यांचा रोग बरा करण्यासाठी, कमी करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी वापरायचा पदार्थ. 'इतर प्राण्यांचा' हे शब्द कायद्यातच आहेत. म्हणजे कोंबडीची पुडी पहिल्या दिवसापासून कक्षेत. १९१२ च्या शर्ली दुरुस्तीने रोग बरा करण्याचे खोटे आणि फसवे दावेही गुन्हा ठरले. उवांच्या औषधांसाठी १९१० चा वेगळा कीटकनाशक कायदा.

आणि तंबाखू? ती अन्न नाही. रोग बरा करते असं म्हणत नाही, म्हणून औषध नाही. त्यामुळे कुठेच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला तंबाखूवर पूर्ण अधिकार मिळाला २००९ च्या कायद्याने. कोंबडीला १९०६ मध्ये मिळालेलं संरक्षण सिगारेट ओढणाऱ्याला मिळायला १०३ वर्षं लागली.

एक पळवाट लक्षात घ्या, कारण जाहिरातींचं कोडं तिथेच सुटतं. १९०६ चा कायदा डब्यावरच्या आणि डब्यातल्या मजकुरापुरता होता, वर्तमानपत्राला लागू नव्हता. डब्यावर 'पचनास उपयुक्त' असं सौम्य लिहायचं आणि वर्तमानपत्रात 'रोग पळाले, अंडी दुप्पट' म्हणायचं. औषधांच्या खोट्या जाहिरातींवर थेट हात टाकता आला तो १९३८ च्या व्हीलर-ली कायद्याने.

शंकासुर

तिसरा_प्रहर, 'पचनास उपयुक्त' वरून आठवलं. १९३६ च्या सुमारास कॅमलची घोषणा काय होती ठाऊक आहे? 'पचनासाठी कॅमल ओढा'! जेवणाच्या आधी, मध्ये, नंतर. म्हणजे कोंबडीच्या पुडीवाल्यांनी जो दावा केला तोच सिगारेटवाल्यांनी माणसावर केला. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा हुकूम येऊन तो बंद झाला १९५० मध्ये.

जुनापुराणा, तुम्ही १९१५ लाच थांबलात म्हणून तंबाखूवाले साळसूद दिसतात. पुढे चला. लकी स्ट्राइक, १९२८: गोड खाण्याऐवजी लकी घ्या, म्हणजे सडपातळ राहाल. मिठाईवाले भडकले. १९३०: २०,६७९ डॉक्टर म्हणतात की लकी कमी खवखवते. डॉक्टरांना सिगारेटचे डबे भेट पाठवून वर प्रश्न विचारला होता! १९४६: इतर कुठल्याही सिगारेटपेक्षा जास्त डॉक्टर कॅमल ओढतात. डॉ. हेस एकटा होता, यांनी हजारो डॉक्टर उभे केले.

धुरंधर

मान्य. पण चव आणि डबी यांचा काळ संपून डॉक्टर आले, ते आरोग्याची शंका लोकांच्या मनात आधीच होती म्हणून. खोकला येतो हे ओढणाऱ्याला कळत होतं.

तिसरा_प्रहर

आणि ती शंका १९५० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अभ्यासांनी पक्की केली, अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम, इंग्लंडात डॉल आणि हिल. त्यावर तंबाखूवाल्यांनी दिलेलं उत्तर वर्तमानपत्रांतच आहे. ४ जानेवारी १९५४, चारशेहून जास्त वर्तमानपत्रांत एकाच दिवशी पानभर निवेदन. पुरावा निर्णायक नाही, लोकांचं आरोग्य आम्ही सर्वात महत्त्वाचं मानतो, संशोधनाला मदत करू. त्यात ना उंट, ना डबी, ना चित्र. जुनापुराणा, तुमच्या 'थापाडे' स्पर्धेत माझं मत त्या पानाला.

अनघा_वाचते

माझंही. कोंबडीच्या पुडीने एक डॉलर गेला. त्या पानाने किती वर्षं गेली कोण जाणे.

जुनापुराणा

निवेदन शोधून वाचलं. ठीक आहे, तंबाखूला सुवर्णपदक. पण डॉ. हेसला रौप्य मी देणारच, कुणी काहीही म्हणा.

बाभूळबन

रौप्य देण्याआधी त्या पुढच्या पिढीकडे बघा. जंताच्या गोळ्यावाली साल्सबरी कंपनी. १९४० च्या दशकात त्यांचं 'थ्री-नायट्रो' आलं. त्यातलं द्रव्य रॉक्सार्सोन, म्हणजे सेंद्रिय स्वरूपातलं आर्सेनिक. आतड्याच्या एका रोगावर चालायचं आणि पिल्लं झपाट्याने वजन धरायची. हे पूरक थाप नव्हतं, खरंच लागू पडायचं, आणि म्हणूनच दशकानुदशकं कोट्यवधी कोंबड्यांना दिलं गेलं. २०११ मध्ये अन्न व औषध प्रशासनाला कोंबडीच्या यकृतात असेंद्रिय, म्हणजे विषारी आर्सेनिक जास्त सापडलं, तेव्हा ते विकणाऱ्या फायझरच्या उपकंपनीने अमेरिकेतली विक्री थांबवली.

मोरपंखी

बापरे. याची जाहिरात आहे का संग्रहात? बघायची आहे.

बाभूळबन

गावच्या वर्तमानपत्रात शोधून फारसं हाती लागणार नाही, मोरपंखी. तोवर घरामागच्या दहा-वीस कोंबड्यांचा जमाना सरत आला होता. असला माल खाद्याच्या गिरणीत आधीच मिसळून यायला लागला. गिऱ्हाईक बाई राहिली नाही, गिरणीवाला झाला. कुक्कुटपालनाची व्यापारी मासिकं चाळा, तिथे मिळेल.

खिळेजुळवणी

आणि शोधताना एक करा. जुन्या छपाईचं यंत्रवाचन भयंकर असतं, 'पॅन-ए-सी-आ' तर मधल्या रेघांमुळे चार तुकड्यांत पडतं. ॲशलंड, ओहायो असा पत्ता टाकून शोधा आणि महिना जानेवारी ठेवा.